रंगभूषा प्रयोगानंतर



संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही माझ्यासारख्या नटाकडे सोपवलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. आभार लांबवत नाही. गेली काही वर्षं ज्या अभिनयानं मला झपाटलं आहे, त्या परफॉर्मन्स कॅप्चरबद्दल, म्हणजे नटाची हालचाल आणि हावभाव टिपून संगणकावरच्या पात्राला देण्याच्या तंत्राबद्दल, बोलतो. हा अभिनयच नव्हे, सगळं संगणक करतो, असं आपल्यातले जाणते लोकही म्हणतात. मला ते मान्य नाही.

नाट्यशास्त्रानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आपल्याकडे आहार्य आधी चढतं. आरशासमोर बसायचं, रंग लागतो, मिशी चिकटते, फेटा बांधला जातो, आणि आरशातला माणूस अनोळखी झाला की पाय आपसूक त्याच्या चालीनं पडू लागतात. कॅप्चरमध्ये हा आधार नसतो. अंगाला घट्ट बसणारा सूट, त्यावर मार्कर, चेहऱ्यावर ठिपके, डोक्यावरच्या पट्ट्यातून तोंडासमोर आलेला छोटा कॅमेरा. डोंगराच्या जागी लाकडी ठोकळे. रंगभूषा चढते ती काही महिन्यांनी, दुसऱ्याच कुणाच्या हातून. तोवर नटापाशी असतं ते शरीर, आवाज आणि सत्त्व.

अँडी सर्किस या इंग्लिश नटाला ‘द टू टॉवर्स’ या चित्रपटातल्या गोलम नावाच्या काल्पनिक प्राण्याच्या भूमिकेसाठी मुळात फक्त आवाज द्यायला बोलावलं होतं. घशात केसांचा गोळा अडकलेली मांजर जशी खोकते, त्यावरून त्याला तो आवाज सापडला. पण हा आवाज ताठ उभं राहून निघेना. पाठ वाकली, मान पुढे आली, चेहरा पिळवटला. दिग्दर्शक पीटर जॅक्सननं ते पाहिलं आणि आवाजाचं काम संपूर्ण भूमिकेचं झालं. वाचिक आणि आंगिक वेगळे करता येत नाहीत, हे आपण तालमीत रोज अनुभवतो. 2002 साली ‘द टू टॉवर्स’ आला तेव्हा ते जगभरच्या प्रेक्षकांनी अनुभवलं.

त्या वेळची पद्धत मात्र नटाची परीक्षा पाहणारी होती. सर्किसनं सेटवर एलायजा वूड आणि शॉन ॲस्टिन या सहनटांबरोबर प्रसंग करायचा. मग त्याला बाजूला ठेवून तोच शॉट पुन्हा घ्यायचा. पुढे वेलिंग्टनच्या कॅप्चर स्टेजवर त्यानं एकट्यानं सगळं परत उभं करायचं. समोरच्याच्या नजरेतून मिळालेली प्रतिक्रिया समोर कुणी नसताना पुन्हा आणणं काय असतं, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. 2011 च्या ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’मध्ये कॅप्चर प्रत्यक्ष सेटवर आणि उघड्यावर आलं. सूट घातलेला नट आणि साध्या कपड्यांतला नट एकाच चौकटीत, एकमेकांच्या डोळ्यांत बघत काम करू लागले. या तंत्रातली सगळ्यात मोठी प्रगती मी हीच मानतो.

याच मालिकेतला 2014 चा ‘डॉन ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ पाहा. टोबी केबेल त्यात कोबा नावाचा बोनोबो वानर आहे. प्रयोगशाळेत माणसांनी त्याचे हाल केलेत, एक डोळा गेलाय. शस्त्रागारात दोन बंदूकधारी त्याला अडवतात. कोबा सर्कशीतल्या माकडासारखा चाळे करू लागतो, गडाबडा लोळतो, त्यांना हसवतो. ती माणसं सैलावतात, आणि तो बंदूक हिसकावून त्यांना गोळ्या घालतो. काय काय चाललंय इथे! नट बोनोबो करतोय, बोनोबो भोळ्या माकडाचं सोंग करतोय, आणि सोंगाखालचा द्वेष त्या दोघांना दिसत नाही, पण आपल्याला दिसतो. माणसाच्या मूर्ख समजुतीवर त्या जनावरानं आपली चाल रचली आहे. माणसं आणि वानर यांच्यातल्या पुढच्या युद्धाची सगळी गोष्ट या प्रसंगात पेरलेली आहे. कुठल्या क्षणी हसायचं थांबवायचं, हा निर्णय नटाचा आहे.

कामाच्या पद्धतीबद्दल एक सांगतो. मीही हा सूट चढवला आहे. चहूबाजूंच्या कॅमेऱ्यांनी हालचाल टिपलेली असते, त्यामुळे दृश्य कुठून आणि किती जवळून दाखवायचं हे दिग्दर्शक नंतरही ठरवू शकतो. म्हणून शेवटच्या रांगेसाठी करतो तसं सर्वांगानं काम करायचं. त्याच वेळी तोंडासमोरचा कॅमेरा अखंड क्लोजअप घेत असतो, पापणीतलं खोटंही त्याला कळतं. रंगमंच आणि पडदा अशा दोन्हींची शिस्त एकाच श्वासात पाळावी लागते. आमच्या मराठी नटांची त्यासाठी निम्मी तयारी झालेली असते, असं मला मनापासून वाटतं. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा चढवून नाचणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नाही, देव दिसतो तो खांद्यांतून आणि पावलांतून. 1917 साली फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले. सत्तरीला टेकलेल्या सिगर्नी वीव्हरनं ‘अवतार’च्या दुसऱ्या भागात याच तंत्रानं चौदा वर्षांची मुलगी केली, तेव्हा मला अण्णाच आठवले.

तंत्र असलं की जीव येतोच असं नाही. ‘द पोलर एक्सप्रेस’मध्ये टॉम हँक्ससारखा नट असूनही डोळे निर्जीव वाटले. आपल्याकडच्या ‘कोचडैयान’मध्ये रजनीकांत होते, पण त्यांचा तो विजेसारखा चेहरा मला पडद्यावर सापडला नाही.

इथेच ॲनिमेटरांचं ऋण मान्य करायला हवं. सर्किस या कामाला डिजिटल रंगभूषा म्हणाला आणि ॲनिमेटर दुखावले. या एका बाबतीत मी सर्किसच्या बाजूला नाही. ‘द टू टॉवर्स’मधला गोलमचा चेहरा ॲनिमेटरांनी सर्किसचं चित्रीकरण पाहत हातानं घडवला होता. नंतर चेहराही टिपता येऊ लागला, तरी चिंपांझीचा जबडा आणि भुवया माणसासारख्या नसतात. नटाचं दुःख त्या हाडांवर कसं उतरवायचं, हे कुणा कलावंतालाच ठरवावं लागतं. रंगभूषाकार माझ्या चेहऱ्याचे स्नायू हलवत नाही, ॲनिमेटर हलवतो. तो आपला सहकलाकार आहे.

आता हक्कांचं. कॅप्चर म्हणजे नुसता डेटा, असं एकदा मानलं की नट संपला. अमेरिकेत व्हिडिओ गेममधल्या कलावंतांनी जुलै 2024 मध्ये संप पुकारला आणि तो जवळजवळ वर्षभर चालला. आवाज देणाऱ्यांइतकंच, शरीरानं काम करणाऱ्यांनाही कृत्रिम बुद्धिमत्तेपासून संरक्षण मिळावं, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. डिजिटल प्रतिकृतीसाठी कलावंताची संमती घ्यावी, असं त्यांनी करारात लिहून घेतलं. माझी चाल, माझं दचकणं, माझा हुंदका एका कामासाठी टिपला गेला आणि उद्या मला न विचारता दुसऱ्याच पात्राच्या अंगावर चढवला गेला, तर ती माझ्या दृष्टीनं चोरी आहे. आपल्या तरुण मुलामुलींना करारातली ही संमतीची ओळ वाचता यायला हवी, आणि नाट्यप्रशिक्षणात तिला जागा हवी.

यासाठी मी एक नमुना करार तयार केला आहे. श्रेयनामावलीत पात्राच्या नावाबरोबर नटाचं आणि प्रमुख ॲनिमेटरचंही नाव, प्रत्येक नव्या वापरासाठी स्वतंत्र संमती आणि स्वतंत्र मानधन, अशी त्यातली मुख्य कलमं आहेत. प्रती सभागृहाबाहेर ठेवल्या आहेत. आज रात्री वाचा, समासात दुरुस्त्या लिहा. उद्या सकाळच्या सत्रात आपण तो कलमवार चर्चेला घेऊ. त्या सत्राला ॲनिमेटर मित्रांनाही बोलावलं आहे, तेव्हा पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात.