सगळ्यांसाठी एकच बार



माझ्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि निर्गुडा नदीच्या काठाला आमची नऊ एकर ज्वारी-तूर होती. बंदूक दाराआड खुंटीला, दारू शिंगात, केपा तंबाखूच्या डबीत, आणि दारू मोजायला बांबूच्या पेराचं एक माप. मापभर दारू नळीत ओतायची, वर चिंधी, गजाने ठासायचं, मग शिशाचे तुकडे, पुन्हा चिंधी. मचाणावर चढण्याआधी हा बार भरला की रात्रभर तोच. हरीण आलं तरी तोच, डुक्कर आलं तरी तोच, रोही आला तरी तोच. मी लहान होतो. एकदा विचारलं, "बाबा, रोही एवढा मोठा, त्याले जास्त नाई लागत का?" ते म्हणाले, "रातच्याले कोन येते हे आधी मालूम असते का? एकच बार भराचा. साऱ्याईले पुरला पायजे."

साऱ्याईले पुरला पायजे. पुढे भौतिकशास्त्र शिकवायला लागलो, बंदुकांवरची पुस्तकं वाचायला लागलो, तेव्हा कळलं की बाबांचा हा हिशेब जगभरच्या शिकाऱ्यांना शंभर वर्षं छळतो आहे. अमेरिकेत माणसं घरच्या टेबलावर काडतुसं भरतात. झाडलेलं पितळी कवच जपून ठेवायचं, नवी केप बसवायची, दारू तराजूत तोलायची, हवी ती गोळी वर दाबून बसवायची. हेतू हाच, की एक रायफल आणि एकच भरलेलं काडतूस घेऊन हरणापासून अस्वलापर्यंत कुणाहीसमोर उभं राहता यावं. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा ते कसं भरावं हे सांगायला मी आलेलो नाही. बार निवडताना माणूस नेमकं काय निवडतो, त्याबद्दल बोलणार आहे.

समोर कॉलरीतली मंडळी बसली आहेत. त्यांना हे लवकर कळेल. शॉटफायरर सुरुंगाच्या भोकात माल भरतो तेव्हा जास्त म्हणजे चांगलं असं कधी मानत नाही. कमी भरला तर कोळसा सुटत नाही, जास्त भरला तर छत सैल होतं. काडतुसाचंही तसंच. दारू थोडी वाढवली की दाबही थोडाच वाढेल, असं वाटतं. पण एका टप्प्यानंतर दाब उडी घेतो आणि रायफलीचा बोल्ट तोंडावर येऊ शकतो. म्हणून तिथे माप ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे जवळपास ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. दारू भरणाऱ्याचा हात सोनाराइतका हलका लागतो, तो यासाठी.

आता गोळी. गोळीची ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. हे सूत्र फळ्यावर लिहिलं की वर्गातली मुलं लगेच म्हणायची, मग हलकी गोळी घ्या आणि वेग वाढवा. अमेरिकेत शिकारीवर लिहिणाऱ्या जॅक ओ'कॉनर यांनी आयुष्यभर साधारण हीच बाजू लावून धरली, आणि एल्मर कीथ यांनी जाड, जड, सावकाश गोळीची. दोघेही अनुभवी, आणि लढत अनेक वर्षं चालली. पण ऊर्जा किती, यापेक्षा ती कुठे खर्च होते हे महत्त्वाचं. हलकी, वेगवान गोळी कातडीखालीच फुटली तर सगळी ऊर्जा वरवरच्या मांसात जाते. कठीण गोळी आरपार गेली तर बरीचशी ऊर्जा मागच्या झाडात. प्राणी दोन्ही वेळी पळतो, आणि दोन्ही वेळी उशिरा मरतो.

१९४६ साली जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला कॅनडाच्या जंगलात हेच दिसलं. समोर मूस, म्हणजे घोड्याहून उंच सांबरासारखा प्राणी, अंगावर वाळलेला चिखल. रायफल दमदार होती, पण गोळ्या वरच फुटत गेल्या आणि आत पोचल्याच नाहीत. घरी येऊन त्यांनी गोळीच्या पोटात धातूचा आडवा पडदा ठेवला. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत शिरतो. १९४८ पासून ती गोळी बाजारात आली आणि आजही विकली जाते. माझ्या मते एकच बार शोधणाऱ्यांना खरी मदत झाली ती या पडद्याने. दारू वाढवण्याच्या शर्यतीने तेवढी झाली नाही.

त्याआधी १९१२ मध्ये लंडनच्या बंदुका बनवणाऱ्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ३७५ बोअरचं काडतूस आणलं होतं. त्यात २३५, २७० आणि ३०० ग्रेन अशा तीन वजनांच्या गोळ्या चालत आणि तिन्ही जवळपास एकाच जागी लागतात, अशी त्याची ख्याती. आफ्रिकेत हरणापासून हत्तीपर्यंत त्याने काम भागवलं. उलट हत्तींचे शिकारी कॅरामोजो बेल यांनी २७५ बोअरच्या छोट्या गोळीने शेकडो हत्ती पाडले. पण हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो हे त्यांनी कवट्या कापून पाहिलं होतं. त्यांचं उदाहरण देऊन लहान बोअरची रायफल घेणारे पुष्कळ, कवटी अभ्यासणारे थोडे.

आपल्याकडची गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या राजूरच्या माणसाने माहीत करून घ्यावी अशी आहे. इंग्रज सरकारने १९०७ मध्ये हिंदुस्थानात ४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली, कारण ती गोळी बंडखोरांच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत चालेल ही भीती. सैन्याचं ३०३ तर सामान्य परवानाधारकाला वर्ज्यच. बंदुका बनवणाऱ्यांनी ४६५, ४७०, ४७५ अशी आसपासची मापं काढली, ती राजेरजवाड्यांसाठी. साध्या परवानाधारकाच्या वाट्याला आलं ३१५ बोअर, मुळात ऑस्ट्रियाच्या सैन्याचं आठ मिलिमीटरचं काडतूस. त्याची रायफल पुढे ईशापूरच्या कारखान्यात बनली, काडतूस पुण्याजवळच्या खडकीत. बुडावर 'आठ एमएम' आणि 'केएफ' अशी इंग्रजी अक्षरं, केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी. हिंदुस्थानी शेतकऱ्याच्या हाती 'सगळ्यांसाठी एकच' असा रायफलीचा बार आला तो हा. निवड करायची वेळच त्याच्यावर आली नाही, सरकारने ती आधीच केली होती. पण ती वाईट नव्हती. २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅमची मऊ नाकाची गोळी, वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या पुढे. डुकरालाही पुरते, रोह्यालाही.

मऊ नाकाची गोळी म्हटलं की डमडम आठवते. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती निघाली. शरीरात शिरल्यावर फुलणारी. १८९९ च्या हेगच्या परिषदेत युद्धात तिला बंदी झाली, क्रूर म्हणून. आणि शिकारीत तशीच फुलणारी गोळी दयाळू मानली जाते. मला यात विसंगती दिसत नाही. युद्धात माणसाला लढाईबाहेर काढलं की पुरतं, त्याने वेदनेत मरावं अशी गरज नसते. जनावरावर गोळी झाडणाऱ्याला मात्र त्याला जखमी सोडण्याचा अधिकारच नाही.

आमच्या घरी हे फार उशिरा कळलं. मार्गशीर्षातली रात्र, बाबांनी मचाणावरून एका एकलकोंड्या नरावर बार टाकला. डुक्कर कोसळलं, उठलं, गेलं. सकाळी ते, शेजारचे काका आणि आणखी एक जण रक्ताच्या थेंबांमागे नाल्यात उतरले. करवंदीच्या जाळीतून डुक्कर सरळ काकांवर आलं. मांडी गुडघ्यापासून वर फाटली. काका जगले, पण पुढची सगळी वर्षं लंगडत. नंतर जनावर सोलताना दिसलं, शिशाचे तुकडे खांद्यावरच अडकले होते. वयात आलेल्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कूर्चेसारखी ढाल असते, एकमेकांशी झुंजताना सुळे अडावेत म्हणून. हरणाला पुरणारा बार त्या ढालीला पुरत नाही. बाबांच्या 'साऱ्याईले' मध्ये ही ढाल मोजलेलीच नव्हती.

फसलेल्या गोळीची किंमत याहून मोठीही असते. १९०७ साली जिम कॉर्बेटनी चंपावतची वाघीण मारली. ४३६ माणसं तिच्या नावावर. तिचा जबडा पाहिला तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले, एक अर्धा, दुसरा थेट हाडापर्यंत. कॉर्बेट यांनी लिहून ठेवलं आहे की जुन्या गोळीची ती जखम होती, आणि त्यामुळेच तिला नेहमीचं भक्ष्य मारता येईना. कुणीतरी कुठेतरी एक बार उडवला, जनावर गेलं म्हणून घरी आला. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. कॉर्बेटना या कामगिरीबद्दल २७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ मध्ये तिनेच मारला. पण वाघासाठी जड दुनळी त्यांनी वेगळी ठेवली होती. एकच बार त्यांनीही मानला नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे त्यातल्या बदलांनी शिकार संपली, आणि ते योग्यच झालं. पण उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना परवानगीने मारण्याची वाट त्या कायद्याने ठेवली. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ती सोपी केली. ज्याची तूर एका रात्रीत आडवी झाली त्याचं दुःख मला माहीत आहे, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. वाद आहे तो पुढे काय होतं याच्याशी. परवानगी मिळते, मग कुणी बारा बोअरमध्ये छर्रे भरतं, कुणी ते न करता कुंपणात वीज सोडतं, कुणी पिठाच्या गोळ्यात स्फोटक ठेवतं. वीज आणि स्फोटक हे तर खरे सगळ्यांसाठी एकच बार. डुक्कर, वाघ, गाय, पहाटे शेतात गेलेला माणूस, कुणालाही ओळखत नाहीत.

२ नोव्हेंबर २०१८ ची रात्र या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ टी-१ वाघीण, अवनी, गोळीने मारली गेली. तेरा मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता, ती माणसं आपलीच. दोन बछडे मागे राहिले. त्यानंतरचा वाद आठवा: रात्रीची वेळ का, बेशुद्धीचं इंजेक्शन आधी दिलं होतं का, पशुवैद्य जवळ का नव्हते. सगळे प्रश्न गोळी नळीतून सुटण्याच्या आधीचे आहेत.

म्हणून कुणी मला विचारलं की रोही आणि डुकरासाठी एकच काडतूस कोणतं, तर मी ३१५ ची मऊ नाकाची जड गोळी सांगतो, आणि लगेच अंतर सांगतो. सहाशे मीटर वेगाच्या गोळीला शंभर मीटर जायला सेकंदाचा सहावा भाग लागतो, तेवढ्यात ती सुमारे साडेतेरा सेंटिमीटर खाली येते. दोनशे मीटरला वेग घटलेला असतो, म्हणून उतार चौपटीच्याही पुढे जातो. शंभरच्या आत, मचाणावरून, जनावर आडवं उभं असताना, पाठीमागे माती दिसत असताना झाडलेली गोळी पुरते. रात्री बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले म्हणून झाडलेली कुठलीही गोळी पुरत नाही. वनविभागाने परवानगी देताना बोअर, गोळी, अंतर आणि नेमबाजीची चाचणी या चार गोष्टी अटीत लिहाव्यात, आणि जखमी जनावर शोधून काढण्याची जबाबदारी झाडणाऱ्यावर टाकावी, अशी माझी मागणी आहे.

काकांच्या मांडीला टाके पडले त्या रात्री बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिशाचा डबा विहिरीत टाकला. पुढे मचाणावर जाताना ते मापभर दारू भरायचे, वर चिंधी ठासायचे, आणि बस. डुकरं पळायची, रोही पळायचे, हरणं पळायची. पंधरवड्यात डुकरं त्या आवाजाला सरावली आणि त्या वर्षी ज्वारीचा तिसरा हिस्सा गेला. तरी तो डबा काढायला बाबा विहिरीत उतरले नाहीत.