'रन' म्हणजे धावणं? नेहमीच नाही!

आजचा अख्खा भाग एकाच शब्दावर आहे, आणि तो शब्द तुम्ही क्रिकेट बघताना हजारदा ऐकलाय. रन.

शाळेत आपण पाठ केलं, रन म्हणजे धावणे. बहुतेक जण तिथेच थांबले. तिकडे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर या एका क्रियापदावर नऊ महिने बसले होते, आणि त्यांनी त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले. २०११ साली सायमन विंचेस्टर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये हे लिहिलं होतं. त्याआधी, १९८९च्या आवृत्तीत, हा मान 'सेट' या शब्दाकडे होता.

६४५ ऐकून घाबरलात? थांबा. आपला 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागत नाही, दूध खाली लागतं, मिरची तिखट लागते. बस फलाटाला लागते आणि कुणाला बस 'लागते', म्हणजे उलटी होते! यातलं काही तुम्ही यादी करून पाठ केलंत का? नाही ना? काय लागतंय ते बघितलं की अर्थ आपोआप कळतो. 'रन'लाही हाच प्रश्न विचारायचा: काय रन होतंय?

मशीन असेल, तर चालतंय. पाणी असेल, तर वाहतंय. 'हिज नोज इज रनिंग', नाक वाहतंय. नाक कुठे पळून जात नाहीये. 'माय मदर रन्स अ शॉप', आई दुकान चालवते. बघा, बऱ्याच वेळा आपलं 'धावणे' नाही, 'चालणे' कामाला येतं. 'डायबिटीस रन्स इन द फॅमिली' याचंही तसंच: तो घराण्यात चालत आलाय. आणि गंमत म्हणजे 'ट्रेन्स आर रनिंग लेट' ला मात्र आपणही म्हणतो, लोकल उशिराने धावतायत. तिथे शाळेतला अर्थ पास!

आता जिथे खरी गोची होते तिथे येऊ. रन आऊट. आपल्या डोक्यात लगेच स्टंप उडतात, धावचीत! माझा एक मित्र परदेशातल्या ग्राहकांचे फोन घ्यायचा, औषधं घरपोच देणाऱ्या एका कंपनीसाठी. पहिलाच आठवडा. एक बाई म्हणाल्या, 'आय हॅव रन आऊट ऑफ इन्सुलिन.' याने 'आऊट' पकडलं आणि नोंद केली, ग्राहक बाहेर आहे, संध्याकाळी फोन करावा. नशीब, सीनियर शेजारी बसून तोच कॉल ऐकत होती. तिने तिथल्या तिथे ऑर्डर तातडीची करून घेतली. कारण त्या बाई सांगत होत्या की त्यांच्याकडचं इन्सुलिन संपलंय.

गडबड का होते सांगते. मराठीत दूध संपतं, पैसे संपतात. वाक्याचा कर्ता ती वस्तू असते. इंग्रजीत बऱ्याचदा माणूस पुढे येतो. 'वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क.' ऐकताना वाटतं, आपणच कुठेतरी पळालो! म्हणून 'रन आऊट ऑफ' कानावर पडलं की 'ऑफ'च्या पुढचा शब्द पकडा. संपलंय ते तेच. दूध, पेट्रोल, वेळ, कधी कधी पेशन्स.

आणि काळ नीट ऐका. 'आय ॲम रनिंग आऊट ऑफ इन्सुलिन' म्हणजे संपत आलंय, थोडं शिल्लक आहे. 'आय हॅव रन आऊट' म्हणजे संपलं, एक थेंब नाही. फोन घेणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे. व्याकरणाच्या मार्कांपेक्षा तो फार मोठा आहे.

एक छोटा शब्दही अर्थ पार फिरवतो. 'ऑफ'च्या जागी 'ऑन' ठेवा. 'ही रॅन आऊट ऑन हिज फॅमिली': तो घरच्यांना वाऱ्यावर सोडून निघून गेला. 'रन इन्टू'चं बघा, 'आय रॅन इन्टू माय टीचर' म्हणजे सरांची अचानक गाठ पडली. पण 'द कार रॅन इन्टू अ ट्री' म्हणजे गाडी झाडावर आदळली. शब्द तेच, समोर सर आहेत की झाड, त्यावर सगळं.

'शी इज रनिंग अ टेंपरेचर' म्हणजे तिला ताप आहे. कपडे धुताना 'द कलर्स रॅन' म्हणजे रंग सुटला आणि दुसऱ्या कपड्याला लागला. (आला की नाही परत आपला 'लागणे'!)

जाता जाता माझं आवडतं. अमेरिकेत पुढारी निवडणुकीसाठी 'रन' करतात. ब्रिटनमध्ये त्यालाच 'स्टँड' म्हणतात. आणि आपल्याकडे? आपलेही पुढारी निवडणुकीला उभेच राहतात.

पुढच्या भागात 'गेट' घेऊन येते. तोपर्यंत 'लागणे'चं तुमच्या गावाकडचं एखादं भन्नाट वाक्य व्हॉइस नोट करून पाठवा. भेटूया!