पतंग सापळ्यात का जातो?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



शेवगाव-पाथर्डीच्या कपाशीत आपण कामगंध सापळे लावतो. गुलाबी बोंडअळीचा नर पतंग रात्री वासावर येतो आणि पिशवीत अडकतो. आत मादी नसतेच, नुसता तिचा वास लावलेला असतो. पतंग काही मूर्ख नाही. त्या वासामागे जाऊनच त्याचा वंश टिकला. सापळा बनवणाऱ्याने नेमके तेच हेरले.

आज घराघरात मोबाईलवर हेच चालले आहे. आपण म्हणतो, पोरगं बिघडलं, त्याचं मन घट्ट नाही. मला हे मान्य नाही. पारावर रील बघत बसलेल्या बाप्यांची मने तरी कुठे घट्ट आहेत?

डोक्यात काय होते ते बघा. मेंदूत डोपामाइन नावाचे रसायन आहे. त्याला आनंदाचे रसायन म्हणतात, पण ते बरोबर नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतले डोपामाइन जवळपास संपवून पाहिले. उंदीर समोरचे अन्न खायलाही जाईनात. पण जिभेवर साखरेचे पाणी सोडले की पहिल्यासारखेच ओठ चाटायचे. गोडी शाबूत राहिली, ओढ गेली. म्हणून म्हणतो, डोपामाइन हे ओढीचे रसायन आहे. तासभर बोट फिरवून उठलेल्या माणसाला विचारा, काय पाहिलंस? सांगता येत नाही. मजा आली का? तेही धड नाही. तरी हात पुन्हा खिशाकडे जातो.

दुसरा प्रयोग वुल्फ्राम शुल्ट्झ यांचा, माकडांवरचा. आधी खूण दाखवायची, मग फळाचा रस द्यायचा. माकड शिकले की त्या पेशी रस मिळाल्यावर नव्हे, खूण दिसताच उसळू लागतात. 2003 साली त्यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. रस हमखास मिळणार असेल तर वाट पाहताना पेशी शांत असतात. मिळेल किंवा नाही, अर्धी-अर्धी शक्यता असली की त्यांची तगमग सर्वात जास्त.

आपल्याला हे नवीन नाही. मटका आधी कशावर चालायचा? न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांच्या आकड्यांवर! ते भाव येणे बंद झाल्यावर 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला चिठ्ठ्या काढून आकडा काढायला सुरुवात केली. (कापूस आपला, जुगार त्यांचा, ते असो.) रोज हरणारा कधीतरी सोडून देतो. अधूनमधून ज्याला लागतो, तो बुडेपर्यंत खेळतो. मोबाईलवरचा लाल ठिपका ही ती खूण, आणि पुढचा व्हिडिओ म्हणजे आकडा. त्यात 2006 साली अझा रास्किन यांनी न संपणारे पान तयार केले. वावराला बांधच नसेल तर बैल वळणार कुठे? कंपन्यांना पैसा जाहिरातीतून मिळतो. तुम्ही जेवढा वेळ बघाल तेवढे त्यांचे पीक.

मोबाईल म्हणजे दारू, असे मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत खेळाचे व्यसन घेतले आहे, सोशल मीडियाचे नाही. शास्त्रज्ञांत वाद आहे. बाजारभाव आणि पावसाचा अंदाजही आपल्याला याच डब्यातून कळतो.

मग करायचे काय? यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. हेतू चांगला, पण बंदी फक्त पोरांना. मला सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव जास्त पटते. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली आणि पोरे त्यातच अडकली, म्हणून 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी तिथल्या बायकांनी सभेत ठरवले. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा, मग दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांचे आणि मोठ्यांचेही. आशाताई, अंगणवाडी सेविका दारोदार समजावत फिरल्या. खूणच सगळ्या गावाची एकदम बंद, त्यामुळे एकट्या पोराला झगडावे लागत नाही.

आपल्याकडे रात्रीची लाईट असली की ज्वारीला पाणी द्यायला माणसे वावरात असतात, फोन लागतो. तेव्हा सातचीच वेळ धरा असे नाही. बोलणे चालू राहू द्या, व्हिडिओ बंद. वेळ कोणती, ते आधी बायकांना विचारा आणि मग ग्रामसभेत मांडा.