हातात वस्तरा घेताना

आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे : बिनपाण्याने हजामत करणे. एखाद्याला चारचौघांत चांगले फैलावर घेतले, की आपण म्हणतो, त्याची बिनपाण्याने हजामत केली. वर्गात हा वाक्प्रचार मी किती तरी वेळा समजावून दिला आहे. पण त्यातल्या पाण्याला एवढे महत्त्व का, हे मला समजले ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या गालावरून रक्त ओघळले तेव्हा! श्रोतेहो, त्याच उशिरा झालेल्या शिक्षणाची हकीकत आज सांगणार आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळू लागले. दाढी मात्र पूर्वीच्याच जोमाने वाढत राहिली. अण्णांनी उभ्या जन्मात स्वतःची दाढी स्वतः केलेली नव्हती. गावी होते तेव्हा सुगीत नाभिकाच्या घरी बलुते जायचे आणि ते गृहस्थ धोकटी घेऊन ओसरीवर यायचे. शहरात आल्यावर अण्णांनी गुलमंडीच्या मागच्या गल्लीतले एक दुकान धरले, ते कायमचे. त्या दुकानाच्या मालकांना सारी गल्ली मामा म्हणते. अण्णा आजारी पडल्यावर हे मामा न बोलावता घरी येऊ लागले.

दोन वर्षे असे चालले. मग एके दिवशी मामा आले आणि धोकटी न उघडताच बसून राहिले. उजवा हात पुढे करून म्हणाले, "सर, हे बघा." बोटे थरथरत होती. "या हातानं अण्णांच्या गळ्याला पातं लावायला मन धजत नाही. पोरगा आहे, पण त्याला दुकान सोडून यायला जमणार नाही. तुम्हीच शिकून घ्या."

आपण म्हणाल, बाजारात साधे सेफ्टी रेझर मिळते, विजेचे यंत्र मिळते. मग वस्तराच कशाला? दोन्ही करून पाहिले. अण्णांची दाढी रोज होणारी नव्हे, आठ-दहा दिवसांनी होणारी. एवढे वाढलेले केस रेझरच्या फटीत फेसासकट अडकून बसतात आणि दर दोन हातांना ते धुवावे लागते. विजेचे यंत्र लांब केस कापण्याऐवजी ओढते. त्याची घरघर सुरू झाली की अण्णा तोंड फिरवीत. शिवाय आजाराने त्यांचा उजवा गाल सैल पडला आहे. सैल कातडीवर धार नेमकी कुठे टेकली आहे हे डोळ्यांना दिसायला हवे. वस्तऱ्याचे पाते उघडे असते. त्याचे भय तेच आणि त्याची सोयही तीच.

आता वस्तरा म्हणजे पूर्वीचा, धारेच्या दगडावर घासून चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा वस्तरा नव्हे. तो आता दुकानांतूनही जवळजवळ गेला. अमेरिकेत जिलेट नावाच्या गृहस्थाने वापरून फेकून द्यायचे पाते काढले. १९०३ साली, पहिल्या वर्षी, त्याची अवघी ५१ रेझरे खपली. पुढच्याच वर्षी हा आकडा नव्वद हजारांवर गेला. त्या पात्याने घरच्या दाढीचे रूप पालटले. नाभिकाचा वस्तरा बदलला तो बऱ्याच नंतर, आणि तो भीतीपोटी. १९८६ साली भारतात एचआयव्हीची लागण प्रथम उघडकीस आली. रक्तातून पसरणाऱ्या अशा रोगांची, विशिष्ट प्रकारच्या काविळीची, माहिती लोकांना होत गेली आणि गिऱ्हाईक विचारू लागले, "पातं नवीन टाकलं ना?" तेव्हापासून ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचे, अर्धे वस्तऱ्यात बसवायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बसवायचे, ही रीत पडली.

माझ्या हाती आलेला वस्तरा मात्र याहून थोडा निराळा. माझा एक जुना विद्यार्थी जपानात नोकरीला आहे. अण्णांची हकीकत कळल्यावर त्याने तो तिकडून पाठवला. जपानात गिफू प्रांतात सेकी नावाचे गाव आहे. तिथले कारागीर शतकानुशतके तलवारी घडवीत. आज ते गाव चाकू, कात्र्या आणि दाढीची पाती यांसाठी ओळखले जाते. जपानी घडणीचा हा वस्तरा आपल्यासारखा मिटत नाही. मूठ आणि पाते एकाच सरळ रेषेत. त्याचे खास पाते आपल्या ब्लेडपेक्षा जाड असते आणि डबीतून थेट मुठीत सरकवता येते. त्याला बोट लावावे लागत नाही. मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मिटत नाही म्हणजे खिशात ठेवता यायचा नाही. पण तुमच्यासारख्याला बरा. काठीसारखा आवळू नका, खडूसारखा धरा." खडू म्हटल्यावर मला जरा धीर आला.

पहिला धडा फुग्यावर. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस फासायचा आणि फुगा न फोडता सारा फेस पात्याने काढायचा. पहिल्या संध्याकाळी मी सात फुगे फोडले. घरातली मुले खूष झाली, मामा झाले नाहीत. "सर, तुम्ही दाबताय. पात्याला तुमच्या जोराची गरज नाही. त्याचं त्याला जाऊ द्या." चौथ्या दिवशी एक फुगा शाबूत राहिला. मग माझ्याच गालाची पाळी आली.

इथे चार गोष्टी कळल्या, त्या सांगतो. पहिली पाण्याची. कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजला की तो पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो आणि कापायला जोर कमी लागतो. माझ्या उतावळेपणाने मी फेस लावला आणि लगेच पाते टेकवले; वाक्प्रचाराचा अर्थ कळला तो तेव्हाच. दुसरी गोष्ट कोनाची. पाते कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन करून चालले पाहिजे. फार आडवे धरले तर केस ओढला जातो, फार उभे धरले तर कातडी सोलते. तिसरी गोष्ट डाव्या हाताची. आपल्याला वाटते, दाढी उजवा हात करतो. खरे काम डाव्याचे; त्याने कातडी ताणून सपाट केली नाही तर उजव्याचे कसब फुकट. आणि चौथी म्हणजे पाते नेहमी धारेच्या समोर चालवायचे, धारेच्या लांबीने कधी सरकू द्यायचे नाही. सुरीने भाजी चिरताना आपण नेमके तेच करतो, म्हणून तर चिरले जाते. हनुवटीच्या वळणावर माझे पाते तसे सरकले. मामांनी तुरटी पुढे केली, बोलले काहीच नाहीत.

पाते लवकर बोथट का होते, हाही प्रश्न मला पडला. केस तर पोलादापेक्षा पन्नासपट मऊ! २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. धार नुसती झिजत नाही. केस वाकून तिरपा लागला की धारेच्या एखाद्या दुबळ्या जागी बारीकसा टवका उडतो. मामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर केसाच्या वळणानं जा म्हणतो, आणि पात्याचा आवाज ऐका म्हणतो. खरखर वाढली की पातं बदला."

मी रोज दुकानात जाऊन बसतो हे पाहून एका ओळखीच्या गृहस्थांनी हसत विचारले, "काय प्रोफेसर, आता हाच धंदा का?" ते गेल्यावर मामा सावकाश म्हणाले, "तुम्ही वडिलांची दाढी केली तर ती सेवा, सर. आम्ही जन्मभर तेच केलं, तर हलकं काम."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या शहराच्या, छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला विद्यापीठाच्या पलीकडे डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथे राहणाऱ्या भिक्षूंना ज्या आठ वस्तू जवळ ठेवण्याची मुभा असे, त्यांत एक वस्तरा होता. आणि संघाचे नियम ज्याला सर्वांत चांगले ठाऊक होते, तो उपाली हा शाक्यांचा नाभिक. परंपरा सांगते की शाक्य राजपुत्रांनी बुद्धाला विनवले, आमच्याआधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे त्याला वंदन करताना आमचा अभिमान गळेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न उपालीलाच विचारले गेले. अलीकडच्या काळातले सांगायचे तर १८९० साली मुंबईत नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. मोठमोठे पंडित शास्त्रार्थ करीत बसले होते, तेव्हा ज्यांच्या हाती पाते होते त्यांनी हात मागे घेतला. हा इतिहास मी पुस्तकांत वाचला होता. पण दुसऱ्याच्या गळ्याशी पाते धरायला केवढा संयम लागतो, हे पुस्तकातून कळत नाही.

दीड महिन्याने मामा म्हणाले, "आता घरी करा." अण्णांना उशीला टेकवून बसवले. गरम पाण्याचा पंचा गालावर ठेवला, तीन मिनिटे घड्याळ लावून. डावी बाजू बरी झाली. उजव्या बाजूला कातडी तीन बोटांनी कानाकडे ताणून धरली आणि अर्ध्या अर्ध्या इंचाने पाते नेले. त्या गालाला दुखले तरी अण्णांना धड कळणार नव्हते, म्हणून त्यांच्या वाटणीची काळजीही मलाच करायची होती. मामा दारात बसून ऐकत होते. हो, पाहत नव्हते, ऐकत होते. गळ्यापाशी आलो तेव्हा अण्णांनी डोळे मिटले आणि मान आपणहून वर केली. इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकल्याचे मला आठवत नाही.

पाऊण तास लागला. रक्ताचा थेंब आला नाही. तुरटी फिरवून मी तोंड पुसले. अण्णांनी डावा हात उचलला, दोन्ही गालांवरून सावकाश फिरवला, मग हनुवटीच्या खाली एका जागी बोट ठेवून अडखळत म्हणाले, "इथं... राहिलं."

गेली वीस वर्षे मी मुलांचे पेपर तपासतो आहे. त्या दिवशी माझा पेपर तपासला गेला. मी पुन्हा फेस लावला.