लंगडणं थांबलं म्हणजे घोडा बरा झाला का?

आज घोड्याच्या पायाबद्दल बोलू. तुमच्यापैकी बरेच जण माथेरानला जाऊन आला असाल. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसं आणि सामान वाहण्यात घोड्यांचा मोठा वाटा. त्यांच्यातल्याच एकाची ही गोष्ट.

मी जनावरांचा डॉक्टर. एप्रिलमध्ये एका घोडेवाल्या काकांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, उतारावर पळताना घसरला, पुढच्या डाव्या पायाने लंगडतोय." म्हणजे ऐन मे महिन्याचा सीझन तोंडावर.

आधी मी घोड्याला कडक, सपाट जागेवर दुलकी चालीत पळवायला सांगितलं. आपण पायाकडे बघतो, पण बघायचं असतं डोक्याकडे. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावर भार कमी येतो. चांगला पाय टेकला की डोकं खाली जातं. डावा पाय टेकला की याचं डोकं वर जात होतं.

मग हात लावून तपासणी. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कातडी आणि दोरखंडासारख्या कंडरा, एवढंच. मागच्या बाजूची, कातडीलगतची कंडरा स्प्रिंगसारखं काम करते: ताणली जाते, परत आखडते. भरधाव पळताना ती जवळपास तुटायच्या मर्यादेपर्यंत ताणली जाते. म्हणून दुखापत बहुतेक वेळा हिलाच होते, आणि तीही पुढच्या पायात. पाय उचलून दोन बोटांनी चाचपलं. मध्यभागी सूज, गरम, दाबलं की पाय ओढून घेतोय. दुसऱ्या पायाशी तुलना करायचीच, नाहीतर साधी सूज निसटून जाते.

पहिले काही दिवस गार पाण्याची धार, पट्टी आणि पूर्ण आराम. सोनोग्राफी केली सहाव्या दिवशी. लगेच का नाही? कारण सुरुवातीचे काही दिवस आतली जखम वाढत असते, घाई केली तर ती खरी आहे त्याहून लहान दिसते.

केस काढले, जेल लावलं, प्रोब ठेवला. निरोगी कंडरा आडव्या छेदात पांढऱ्या ठिपक्यांनी गच्च भरलेली दिसते, उभ्या छेदात एकमेकींना समांतर रेघा. याच्या कंडरेत मधोमध काळा खड्डा होता. तंतू तुटून तिथे रक्त आणि पाणी साठलेलं. साधारण पाव भाग. गुडघ्यामागच्या हाडापासून किती सेंटीमीटर खाली, तेही टेपने मोजून लिहून ठेवलं. पुढच्या वेळी नेमकी तीच जागा बघता यावी म्हणून.

आता खरी अडचण. तिसऱ्या आठवड्यात घोडा लंगडायचा थांबला! काका खूश. "साहेब, झाला की बरा. उद्यापासून धंद्याला लावतो."

मी त्यांना स्क्रीनवर खड्डा दाखवला. दुखणं काही आठवड्यांत जातं, पण तंतू भरून यायला महिने लागतात. आणि जे भरून येतं ते मूळ कंडरेसारखं नसतं. तो व्रण असतो, कमी लवचिक. वेदनाशामक देऊन लंगडणं लपवता येतं, पण खड्डा तिथेच राहतो. तेव्हा स्वार बसवला तर तंतू पुन्हा तुटतात, आणि दुसरी दुखापत पहिलीपेक्षा वाईट.

काका गप्प झाले. मे गेला म्हणजे वर्षाची निम्मी कमाई गेली. मी तरी काय सांगणार? एवढंच म्हणालो, "आज चालवलात तर कदाचित हा एक सीझन मिळेल. थांबलात तर पुढचे अनेक."

ते थांबले. त्या मेमध्ये दुसऱ्याच्या घोड्याचा लगाम धरून फिरले.

आमचं वेळापत्रक असं: आधी रोज हाताने धरून दहा मिनिटं चालवणं, मग हळूहळू वाढवत नेणं. तीन-चार महिन्यांनी थोडी दुलकी. प्रत्येक पायरी चढण्याआधी सोनोग्राफी. खड्डा भरतोय का? रेघा समांतर होतायत का? कंडरेची जाडी दहा टक्क्यांहून जास्त वाढली तर व्यायाम लगेच कमी. एकदा तसं झालंही. पावसाळ्यात एक पायरी मागे यावं लागलं. पूर्ण काम सुरू झालं जवळपास वर्षाने, पुढच्या एप्रिलमध्ये. अजूनही संध्याकाळी खोगीर उतरवलं की काका आधी दोन्ही पायांवरून हात फिरवतात. गरम लागतंय का, बघायला.

आता तुमचं काम. पुढच्या वेळी घोड्यावर बसण्याआधी त्याला दहा पावलं चालताना बघा. डोकं वर-खाली आपटतंय? पाय सुजलाय? मग बसू नका, आणि घोडेवाल्याला नीट शब्दांत सांगा. भांडायचं नाही हं, त्याचंही पोट त्याच पायांवर आहे.

प्रश्न असतील तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!