मुखवटा, भगवा कुडता आणि गळका नळ

सेलू-जिंतूरच्या बसस्थानकावर किंवा परभणीच्या रद्दीवाल्याकडे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ हाताळलेली पिढी आज साठीच्या घरात असेल. मार्च 1964 मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या या मालिकेचा पहिला नायक होता वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा फँटम. 1936 सालचा हा मुखवटेधारी तसा विचित्रच. ना उडता येतं, ना अंगात दैवी शक्ती. कवटीच्या गुहेत बापामागून मुलगा तोच वेष चढवतो, म्हणून लोक त्याला अमर समजतात! पापुआ न्यू गिनीतल्या योद्ध्यांनी तर त्याची चित्रं लढाईच्या ढालींवर रंगवली.

पण मला जास्त भावतो तो 1976 मध्ये आलेला बहादूर. लेखक आबिद सुरती. भगवा कुडता, खाली जीन्स. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीनं मेलेला. मुलगा सूड घ्यायला निघतो आणि शेवटी गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करून डाकूंशीच लढतो. परग्रहावरून आलेल्या नायकांपेक्षा हा आपल्याला जवळचा, असं माझं मत.

इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं. सुरतींनी मात्र 2007 पासून निराळंच काम हाती घेतलं. दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन ते मीरा रोडच्या इमारतींमध्ये घरोघर जाऊ लागले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले.