सायकलीवरून रॉटनेस्ट बेट



माथेरानला जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे, आपली मोटार दस्तुरी नाक्यालाच ठेवावी लागते. आज तुम्हांला अशाच एका ठिकाणी नेणार आहे, पण ते आहे समुद्रापार. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रीमँटल नावाचे बंदर आहे. तिथून सुमारे 19 किलोमीटरवर रॉटनेस्ट बेट लागते. लांबी 11 किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त साडेचार. खासगी मोटारीला तिथे मज्जाव. प्रवाशांसाठी बस आहे, कामाच्या गाड्या आहेत. पण बेट पाहावे ते सायकलीवरून.

माझा पुतण्या पर्थ शहरात नोकरीला असतो. त्याच्याबरोबर मी सकाळच्या लाँचने निघालो. अर्ध्या तासात पलीकडे. धक्क्याजवळ सायकली भाड्याने मिळतात. डोक्याला हेल्मेट घालावेच लागते, तसा तिथला कायदाच आहे. पुतण्या म्हणाला, "काका, पाण्याची बाटली भरून घ्या. पश्चिम टोकाला दुकान नाही."

बेटाला पुरा वळसा घातला तर 22 किलोमीटर होतात. ऐकायला थोडे वाटते, पण रस्ता सारखा चढतो नि उतरतो. शिवाय दुपारी नैर्ऋत्येचा समुद्रवारा सुटतो. उन्हाळ्याच्या काहिलीत तो जिवाला आराम देतो, म्हणून लोक त्याला 'फ्रीमँटलचा डॉक्टर' म्हणतात. वारा सुटण्याआधी पश्चिमेचे टोक गाठायचे आणि परतताना तो पाठीवर घ्यायचा, हा तिथला हिशेब. गलबतवाल्या कोकणी माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको!

वाटेत मांजराएवढा एक प्राणी टुणटुण उड्या मारीत आला. हा क्वोका. कांगारूच्या कुळातला, पोटाला पिशवी असलेला. 1696 साली व्लामिंग नावाचा डच दर्यावर्दी इथे उतरला. त्याला हे मोठे उंदीरच वाटले, आणि बेटाला 'उंदरांचे घरटे' अशा अर्थाचे नाव पडले. क्वोका माणसाला भीत नाही. पण त्याला खाऊ घालायचे नाही, हातही लावायचा नाही. लांबून पाहायचे, बस्स.

मात्र बेटाला याहून जुने नाव आहे, वाजेमप. ते तिथल्या मूळ रहिवाशांचे, नूंगार लोकांचे. पाण्यापलीकडची आत्म्यांची जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. हजारो वर्षांपूर्वी समुद्र चढला आणि ही भूमी किनाऱ्यापासून तुटली. त्याआधी माणसे इथे पायी येत असत.

परतताना मधल्या टेकडीवर दीपस्तंभापाशी थांबलो. आजचा दीपस्तंभ 1896 सालचा. त्याच्या आधीचा 1849 साली पुरा झाला, तो कैद्यांच्या हातांनी बांधलेला. कैदी कोणते? तर हेच मूळ रहिवासी. 1838 पासून इंग्रजांनी या बेटाचा तुरुंग केला. सुमारे चार हजार पुरुष आणि मुलगे इथे डांबले गेले. पुष्कळांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्याच रानात गोऱ्यांनी आणलेली मेंढरे त्यांनी पोटासाठी मारली. कित्येकांना दूर आतल्या मुलखातून बेड्या घालून आणले होते. त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. आपल्याकडे अंदमानला 'काळे पाणी' म्हणत. या लोकांचे काळे पाणी हेच. त्यांच्याकडून मिठागरावर मीठ गोळा करविले, घरे बांधविली. 1883 साली इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा दाटीच्या कोठड्यांत माणसे पटापट दगावली.

त्या तुरुंगाची अष्टकोनी इमारत अजून उभी आहे. पुढे कोठड्यांच्या खोल्या झाल्या आणि 2018 सालापर्यंत त्यांत सुट्टीचे पाहुणे राहत होते. जवळच दफनभूमी आहे. निदान 373 माणसे तिथे पुरलेली आहेत. त्या थडग्यांवर ना दगड होते ना नावे, आणि कित्येक वर्षे वरती सहलीचे तंबू पडत होते!

आम्ही सायकली झाडाला टेकवून गुपचूप उभे राहिलो. थोड्या वेळाने पुतण्या म्हणाला, "काका, इतक्यांदा आलो मी इथे, पोहलो, फिरलो. पण या जागेपाशी कधी थांबलोच नव्हतो."

त्याला मी काय बोल लावणार? आपण तरी आपल्या गावात किती थांबतो? धरणाच्या भिंतीवरून, घाटातल्या रस्त्यावरून आपण रोज जातो. तिथे कुणी घाम गाळला, कुणाचे घर पाण्याखाली गेले, हे विचारतो का? गुरुजनांना माझी एक विनंती आहे. एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना सायकलीवरून गावाभोवती न्या. जुनी विहीर, पडका वाडा, मोडका पूल दिसला की उतरा, आणि जवळच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आजोबा, हे कुणी बांधलं?"

सायकलीला थांबायला फार जागा लागत नाही. उतरायचे मन मात्र आपले आपणच करावे लागते.